उरलेल्या लोकरीचा चौकोन

अकोटकडच्या लग्नात रुखवत मांडलेले असले की बायका आधी ताटे-परातींकडे वळतात आणि मी क्रोशाकामाकडे. दारावरचे तोरण, ताटावरचा रुमाल, टीव्हीवर घालायचे जाळीचे आच्छादन, आणि बहुधा एका कोपऱ्यात घडी घालून ठेवलेली रंगीबेरंगी चौकोनांची एक गोधडीवजा चादर. तोरण आणि रुमाल पांढऱ्या सुताचे असतात, मुद्दाम दोरा विकत आणून केलेले. चादर मात्र उरलेल्या लोकरीची असते. कुणाच्या स्वेटरची बाही पुरी झाल्यावर राहिलेली गुंडी, कुणाच्या टोपीचा तुकडा, भाच्याच्या मोज्यांतली पिवळी लोकर. जाणकार बाई अशा चादरीवर बोट ठेवून घरातल्या दहा-बारा हिवाळ्यांचा इतिहास सांगू शकते.

आमच्या शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मी अशी चादर करायला घेतली. मी गणिताचा शिक्षक. विणकाम मला येत नव्हते, पण ‘टाकाऊतून टिकाऊ’च्या नावाखाली दरवर्षी त्याच त्या पुठ्ठ्याच्या पेनदाण्या करून घ्यायचा कंटाळा आला होता. आठवीच्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलींना क्रोशा येत होता, मुलांपैकी दोघांना. पहिल्याच दिवशी एका मुलाने विचारले, “सर, हे कवापासून करतात जी?” मी बेधडक सांगून टाकले, “फार पूर्वीपासून. आपली पुरातन कला आहे.” मुले गप्प बसली, पण मी अस्वस्थ झालो. इतिहासाच्या तासाला ‘पुरावा काय?’ म्हणून मुलांना छळणारे आम्ही शिक्षक, हातकामाचा विषय निघाला की सरळ ‘पुरातन’ म्हणून मोकळे होतो. मग सवडीने शोध घेतला. उत्तर चुकले होते, आणि चांगलेच चुकले होते.

अकोटला धाग्याचे जुने काम आहे यात शंका नाही, पण ते क्रोशाचे नव्हे, सतरंजीचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सरकारी गॅझेटियरमध्ये अकोटची ओळख कापसाची मोठी बाजारपेठ आणि सुती सतरंज्यांचे गाव अशी दिलेली सापडते. सतरंजी विणताना जाड सुताचे उभे धागे ताणून बांधतात, त्यांतून रंगीत आडवे धागे काढतात आणि पंज्याने ठोकून इतके दाट बसवतात की उभा धागा दिसेनासा होतो. उभे आणि आडवे एकमेकांशी काटकोनात, म्हणून सतरंजीची भूमिती मुळात आलेख-कागदाची. पट्टे सहज निघतात. तिरपी रेघ मात्र पायऱ्या-पायऱ्यांनीच काढावी लागते, म्हणून सतरंजीवरचा शंकरपाळा जवळून पाहिला तर जिन्यासारखा दिसतो. सतरंजी हा शब्द शतरंजशी, म्हणजे बुद्धिबळाच्या पटाशी जोडतात, तोही चौकटींचाच.

क्रोशाची भूमिती निराळी आहे. त्यात उभे-आडवे काही नाही. एकच धागा, एकच आकडेदार सुई आणि कोणत्याही क्षणी सुईवर एकच जिवंत फासा. (दोन सुयांच्या विणकामात एका वेळी पन्नास-साठ फासे जिवंत असतात. म्हणून तिथे सुई निसटली की जीव जातो, क्रोशात फक्त एक टाका जातो.) काम मध्यापासून सुरू होते आणि फेऱ्या-फेऱ्यांनी बाहेर वाढत जाते, झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे. त्यामुळे गोल, षटकोन, चौकोन हे आकार क्रोशाला जितके सोपे, तितके मागाला अवघड.

मग हा क्रोशा आला कुठून? शब्द फ्रेंच आहे, अर्थ ‘लहान आकडा’. वस्त्रांचा इतिहास अभ्यासणाऱ्यांनी, विशेषतः डेन्मार्कच्या लिस पालुदान यांनी, युरोपातली संग्रहालये आणि जुनी पुस्तके धुंडाळली. इ.स. १८००च्या आधीचा, नि:संशय क्रोशा म्हणता येईल असा पुरावा त्यांना मिळाला नाही. छापील नमुने दिसू लागतात ते १८२०च्या दशकात, ‘पेनेलोपे’ नावाच्या एका डच मासिकात. त्यात रेशमी बटव्यांचे नमुने होते. म्हणजे ही कला फार तर सव्वादोनशे वर्षांची. आगगाडीच्या आसपासच्या वयाची म्हणा ना.

आता यातला आपल्याकडचा धागा. अठराव्या शतकाच्या मध्यानंतर युरोपात एक नवी भरतकामाची पद्धत लोकप्रिय झाली. कापड गोल चौकटीवर ढोलकाच्या कातड्यासारखे ताणायचे, आकडेदार सुई वरून खुपसायची आणि खालचा धागा फासा करून वर ओढायचा. फ्रेंचांनी तिला ‘तांबूर’, म्हणजे ढोल, असे नाव दिले. फ्रान्सच्या राजाचा भरतकाम-आरेखक सेंत-ओबँ याने १७७०च्या पुस्तकात तिचे वर्णन केले आहे. ही पद्धत पूर्वेकडून आली हे सर्वमान्य आहे. आपल्याकडे ती आरीकाम म्हणून ओळखली जाते. चामड्यावर काम करणारे कच्छ-गुजरातचे मोची आरीने साखळीटाका घालत आणि गुजरातचे असे भरतकाम सतराव्या शतकात युरोपात जातही होते. तांबूर करता करता कुणीतरी कापड काढून टाकले आणि फाशातून फासा नुसता हवेतच ओढला, त्यातून क्रोशा निघाला, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. आरीचा साखळीटाका आणि क्रोशाची साखळी शेजारी ठेवून पाहावी, फाशांची रचना अगदी तीच. तरीही हा तर्कच आहे, आणि वर्गात तो तर्क म्हणूनच सांगावा. ‘म्हणजे क्रोशा मूळचा आपलाच’ असा निष्कर्ष मुले टाळ्या वाजवून काढतात. मला तो मोह आवरावा लागला.

तसे पाहिले तर मूळ कुठले या प्रश्नाला वऱ्हाडात फारसे बिचकायचे कारण नाही. मिरची बाहेरची, बटाटा बाहेरचा. आपला कापूससुद्धा पहा. या काळ्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या पिकला तो आखूड धाग्याचा गावरान कापूस. आज शेतात उभा असतो तो बहुतेक सगळा अमेरिकी जातीचा.

बटाट्याचा उल्लेख सहज केला, पण क्रोशाच्या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे प्रकरण बटाट्याशीच जोडलेले आहे. १८४५ साली आयर्लंडमधल्या बटाट्यावर करपा पडला. गरीब शेतकऱ्याचे सारे जेवण बटाट्यावर चालत असे. पुढच्या चार-पाच वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि साथींनी मेली, आणखी तितकीच देश सोडून गेली. सरकारने रस्त्यांची कामे काढली. अशा वेळी कॉर्कजवळच्या मठांतल्या जोगिणींनी आणि क्लोन्सच्या कॅसँड्रा हँडसारख्या काही स्त्रियांनी खेड्यातल्या बायकांना क्रोशा शिकवायला सुरुवात केली. व्हेनिसची सुईने केलेली लेस त्या काळी फार महाग होती आणि करायला फार वेळ घेई. क्रोशाने तिची नक्कल कितीतरी लवकर होत असे. एलिओनोर रिएगो द ला ब्रांशार्दिएर या बाईंनी १८४०च्या दशकात नमुन्यांची पुस्तके काढली, ती हातोहात खपली.

या आयरिश कामात एक नवी गोष्ट झाली. अख्खी कॉलर किंवा अख्खा झगा एकीने विणायचा नाही. एका घरी फक्त गुलाब होणार, दुसऱ्या घरी फक्त तीन पानांचे शॅमरॉक. तिसरी बाई ती सगळी फुले गोळा करून कापडावर मांडणार आणि मधल्या जागा जाळीने भरून सांधणार. म्हणजे आपण ज्याला हौसेने ‘मोटिफ’ म्हणतो, त्या सुट्या फुलाचा प्रसार सौंदर्यदृष्टीइतकाच श्रमविभागणीमुळे झाला. सुटे फूल चुलीपुढे बसून करता येते, पोराला थोपटताना बाजूला ठेवता येते, बिघडले तर नुकसान थोडे.

इथे मला वऱ्हाडचा दुष्काळ आठवतो. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस बंद पडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे डोळे लावले. रेल्वे आली, बाजारपेठा वाढल्या. रिव्हेट-कार्नॅक नावाचे कापूस-आयुक्त होते. विलायती माल इतका यावा की इथल्या कातणाऱ्या-विणणाऱ्यांनी ते काम सोडून कापूस पिकवायला लागावे, अशी अपेक्षा त्यांनी लपवूनसुद्धा ठेवली नाही. सरकारी अहवालातच ती लिहिली आहे. तसे झालेही. हाताने सूत कातणे जवळजवळ संपले, बारीक कापडाचे माग बसले. सतरंजी टिकली. माझ्या मते त्याचे कारण साधे असावे: जाड सुताचे, अंथरायचे, ठोकून दाट केलेले काम मँचेस्टरच्या पातळ कापडाच्या आड येत नव्हते. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दुष्काळ पडले, दुसरा तर लोकांच्या तोंडी ‘छप्पनचा दुष्काळ’ म्हणून राहिला. कामावर आलेल्या बायांच्या हाती मुख्यतः खडी फोडायचा हातोडा आला. कापसाच्या मुलुखात दोरा कुणी दिला नाही.

हिंदुस्थानात क्रोशा रुजला तो मिशनच्या शाळांतून आणि मडमांकडून. त्याचे सर्वांत मोठे केंद्र आंध्रात गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात, नरसापूरच्या आसपास आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनरी स्त्रियांनी तिथे गरीब बायकांना ही लेस शिकवली. पुढे व्यापारी आले, निर्यात सुरू झाली. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तिथे राहून अभ्यास केला आणि १९८२ साली पुस्तक लिहिले. आयर्लंडमधली विभागणी तिथेही जशीच्या तशी दिसते: फुले करणाऱ्या वेगळ्या, सांधणाऱ्या वेगळ्या, आणि माल विकणारे बहुतेक पुरुष. बाया दिवसाचे सहा-सहा, आठ-आठ तास विणत, पण व्यापारी आणि सरकारी कागद त्यांना कामगार म्हणत नसत. ‘घरी बसलेल्या बाया, फावल्या वेळात विणतात’ असे म्हटले की मजुरी शेतमजुरीच्याही खाली नेता येते. २०२४ मध्ये नरसापूरच्या क्रोशा लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने विणणारीच्या हाती किती पडते, हे पाहायला आणखी एखादी मारिया मीस लागेल.

या संदर्भात एक तांत्रिक गोष्ट मुलांना जरूर सांगावी. साधे विणकाम यंत्रावर होऊन शंभराहून अधिक वर्षे झाली. खरा क्रोशा कारखान्यातली यंत्रे अजून करत नाहीत. सुई प्रत्येक वेळी आधीच्या फेरीतले वेगळे छिद्र शोधते, दिशा बदलते. बोटांना हे सहज जमते, यंत्राला नाही. प्रयोगशाळेत प्रयत्न चालू आहेत. बाजारात ‘क्रोशा यंत्राचा’ म्हणून जो माल मिळतो त्याची रचना वेगळी असते. तेव्हा दुकानात अतिशय स्वस्त असा खरा क्रोशाचा चौकोन दिसला तर यंत्राने तो स्वस्त केला असे समजू नये. कुणाचा तरी हात स्वस्त झालेला असतो.

महाराष्ट्रात मुलींच्या शाळांमध्ये शिवण-विणकाम हा विषय एकोणिसाव्या शतकापासून होता. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनात, रमाबाई रानड्यांच्या हातून १९०९ साली पुण्यात उभ्या राहिलेल्या सेवासदनात, निराधार आणि विधवा स्त्रियांना हाताला काम म्हणून असे धंदे शिकवले जात. मध्यमवर्गीय घरात मात्र क्रोशा पोटासाठी नव्हे, गृहिणीपदाची खूण म्हणून शिरला आणि तिथून रुखवतात जाऊन बसला. तोरणाला लागणारा तो चकचकीत पांढरा दोराही एकोणिसाव्या शतकाचीच देणगी. जॉन मर्सर या इंग्रजाने सुती कापडावर तीव्र कॉस्टिक सोड्याची क्रिया करून पाहिली आणि १८५० साली पेटंट घेतले. कापसाचा तंतू एरवी चपटा आणि पिळवटलेला असतो. सोड्यात तो फुगून गोलसर होतो, बळकट होतो, रंग चांगला धरतो. पुढे १८९०च्या सुमारास होरेस लो याने हीच क्रिया सूत ताणून धरून केली तेव्हा त्याला रेशमासारखी झळाळी आली. कापूस आपला, चकाकी सोड्याची.

उरलेल्या लोकरीचा चौकोन ही मात्र शेतकरी घरातली गोष्ट दिसते. अमेरिकेतल्या ‘प्रेअरी फार्मर’ या शेतकऱ्यांच्या नियतकालिकात १८८५ साली अशा चौकोनाचा नमुना छापला गेला. छापील नमुन्यांपैकी तो सर्वांत जुना मानतात. नंतर इंग्लंडमधल्या पुस्तिकांमध्येही असे चौकोन येऊ लागले, तुकड्या-तुकड्यांची लोकर खपवायचा मार्ग म्हणून. इंग्रजीत आता त्याला आजीचा चौकोन म्हणतात. वऱ्हाडात स्वेटरची गरज दोन-अडीच महिने. लोकर एरवी पेटीत डांबराच्या गोळ्यांबरोबर पडून असते. खऱ्या लोकरीची जागा पुढे ‘कॅशमिलॉन’ने, म्हणजे अ‍ॅक्रिलिक धाग्याने घेतली. तो मेंढीपासून नव्हे, खनिज तेलापासून होतो. नाव मात्र लोकरच राहिले.

आता आमच्या वर्गाकडे येतो, कारण खरी गंमत पुढेच आहे.

चौकोनाची कृती अशी. लहान साखळीचा गोल करायचा. त्यात तीन-तीन खांबांचे चार गट, प्रत्येक दोन गटांमध्ये दोन साखळ्या. ते झाले चार कोपरे. दुसऱ्या फेरीत प्रत्येक कोपऱ्यात दोन गट, त्यांच्यामध्ये पुन्हा दोन साखळ्या, आणि बाजूवर गट-गटांमध्ये एक साखळी. तिसऱ्या फेरीपासून बाजूच्या प्रत्येक फटीत एक गट. बस, इतकेच. फळ्यावर मोजून पाहिले. पहिल्या फेरीत १२ खांब आणि ८ साखळ्या, एकूण २० टाके. दुसरीत २४ खांब, कोपऱ्यांच्या ८ आणि बाजूंच्या ४ साखळ्या, एकूण ३६. तिसरीत ५२. दर फेरीला बरोबर १६ टाके वाढतात.

सोळाच का? इथे भूमिती येते. चौकोनाच्या मध्यापासून बाजूपर्यंतचे अंतर दर फेरीला एका टाक्याच्या उंचीने वाढते. म्हणजे बाजू दोन उंचींनी वाढली, चारी बाजू मिळून परिमिती आठ उंचींनी वाढली. खांबाची उंची साधारण त्याच्या रुंदीच्या दुप्पट असते. आठ उंची म्हणजे सोळा रुंदी, सोळा टाके. गोलाला हाच हिशोब लावला तर परीघ २π उंचींनी, म्हणजे सव्वासहा उंचींनी वाढतो: खांबाने विणले तर दर फेरीला बारा-तेरा टाके, मुक्या खांबाने विणले तर सहा. (मुक्या खांबाची उंची जवळजवळ रुंदीइतकीच.) षटकोनाला सातच्या जवळपास उंची लागते आणि समभुज त्रिकोणाला दहाच्या थोडे वर. लक्षात घ्या, ही वाढ फेरी पहिली असो की पन्नासावी, तेवढीच राहते. पृथ्वीभोवती घट्ट बांधलेली दोरी सगळीकडे एक मीटर वर उचलायची तर ती किती लांब करावी लागेल, हे कोडे आपण मुलांना घालतो. उत्तर सव्वासहा मीटर, आणि मुलांचा विश्वास बसत नाही. ज्या मुलीने रुमाल विणला आहे तिचा पटकन बसतो. तिने दर फेरीला सहाच टाके वाढवलेले असतात.

वाढ कमी पडली तर कड आखडते आणि वाटी होते. टोपी अशीच विणतात. वाढ जास्त झाली तर कडेला जागा पुरत नाही आणि झालर पडते. १९९७ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात दायना तायमिना या लाटव्हियन गणितज्ञ बाईंनी नेमका याचाच उपयोग केला. युक्लिडचे समांतर रेषांचे गृहीतक जिथे लागू पडत नाही, अशा पृष्ठाची कल्पना बोल्याय आणि लोबाचेव्हस्की यांनी एकोणिसाव्या शतकात मांडली होती. विद्यार्थ्यांना ते पृष्ठ हातात देण्यासाठी कागदाचे नमुने करत, ते फाटत. तायमिनाबाईंनी दर फेरीला ठरावीक संख्येने नव्हे, ठरावीक प्रमाणात टाके वाढवले. कड भराभर वाढून चुण्या-चुण्यांचे पृष्ठ तयार झाले, कोबीच्या पानाच्या कडेसारखे. त्यावर घडी घालून ‘सरळ’ रेषा काढता येतात आणि एका बिंदूतून दुसऱ्या रेषेला अनेक समांतर रेषा कशा जातात हे दिसते.

हे सगळे मी मोठ्या आत्मविश्वासाने शिकवले. दर फेरीला सोळा, म्हणजे चौकोन सपाट. मग एक मुलगी आपला चौकोन घेऊन आली, त्याला चांगली झालर पडली होती. मी म्हटले, “मोजायला चुकलीस. उसव आणि पुन्हा कर.” तिने उसवला, पुन्हा केला, पुन्हा झालर. दुसऱ्यांदाही मी तिला मोजणीवरूनच बोललो, वर्गासमोर. तिने काही न बोलता चौकोन दप्तरात टाकला. तिसऱ्या दिवशी तोच चौकोन सपाट होऊन आला. मी विचारले, आता बरोबर मोजलेस ना? ती म्हणाली, “नाही सर. मोजलं तं आधीच बराबर होतं. आजीनं कमी करायला लावलं.”

आता चौकोन नीट पाहिला. आतल्या चार फेऱ्या कॅशमिलॉनच्या होत्या आणि पाचवी फेरी लाल, जाड सुताची. वर्गातल्या एका मुलाने घरून सतरंजीचे उरलेले सूत आणले होते, ते तिने वापरले होते. सूत दीडपट जाड, म्हणून टाकाही दीडपट रुंद. माझा सगळा हिशोब सर्व फेऱ्यांचा धागा एकच आहे असे धरून होता, आणि मी शिकवत होतो उरलेल्या लोकरीची चादर! पाचव्या फेरीचे टाके ८४. ते दीडपट रुंद म्हणजे साध्या धाग्याच्या १२६ टाक्यांएवढी कड झाली. मध्यापासूनचे अंतर चार फेऱ्यांचे आठ आणि जाड फेरीचे तीन, मिळून अकरा रुंदी. परिमिती हवी ८८. अडतीस टाक्यांची जागा जास्तीची, झालर पडणारच. आजीने सांगितले होते, “सूत जाडं हाये नं, तं तिनाच्या जागी दोनच खांब घाल.” गटात दोन खांब घातले की टाके होतात ६४, दीडपटीने ९६. सोळाच्या हिशोबातसुद्धा पाचव्या फेरीला ८०च्या जागी ८४ असतातच आणि चौकोन तो फरक पोटात घालतो. ९६ म्हणूनच चालून जातात.

मुलीची मी वर्गासमोरच माफी मागितली. मग आजींना शाळेत बोलावले. त्या आल्या, खुर्चीवर बसायला तयार होईनात, आणि “मी काय शिकवणार मास्तर, मले तं लिहिता येत नाही” असे म्हणत तासभर शिकवून गेल्या. त्यांच्याकडून एक नियम मी वहीत लिहून घेतला: लहान तुकडे मधात, मोठी गुंडी कडेला. हिशोबाने तपासला. पहिल्या फेरीत ४ गट, दुसरीत ८, तिसरीत १२, म्हणजे लोकर १, २, ३ या प्रमाणात लागते. दहा फेऱ्यांच्या चौकोनात एकूण ५५ भाग. त्यांपैकी पहिल्या सात फेऱ्यांना मिळून २८, शेवटच्या तीन फेऱ्यांना २७. निम्मी लोकर शेवटच्या तीन फेऱ्या खातात. ज्या गुंडीचा अंदाज नाही ती कडेला घेतली की फेरी अर्ध्यात संपते आणि चौकोन उसवावा लागतो. वर्गातल्या दोन-तीन मुलांनी तो अनुभव घेतलेलाच होता.

१९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन समितीने हस्तोद्योगाभोवती सगळे विषय गुंफायची योजना मांडली. तकली फिरवताना गणित, भूगोल, इतिहास. नंतर कोठारी आयोगाने कार्यानुभव आणला आणि तो वेळापत्रकात शेवटच्या तासाला जाऊन बसला. तकलीच्या त्या योजनेत सूत मोजायला शिकवणारे शिक्षक होते. मोजणीपलीकडचे ज्यांच्या बोटांना ठाऊक आहे अशा माणसांना शाळेत कोणत्या तासाला बोलवायचे, याची सोय मात्र वेळापत्रकात मला आजही सापडत नाही. आम्ही आजींची नोंद ‘पाहुणे व्याख्याते’ या रकान्यात केली. तपासणीला आलेल्या साहेबांनी विषय विचारला, मी ‘भूमिती’ असे सांगितले.

चादर अठ्ठेचाळीस चौकोनांची झाली, सहा गुणिले आठ. सांधताना कळले की अकरा चौकोन बोटभर मोठे आहेत. हात सैल असणाऱ्या मुलांचे. ते सगळे कडेच्या ओळींत बसवले. मधल्या लाल सुताच्या चौकोनाची झालर पूर्ण गेलेली नाही, हात फिरवला की कळते. मुलांना आता षटकोनाची चादर करायची आहे. एकाने आत्ताच विचारून ठेवले आहे की पंचकोनाची का होत नाही. मी त्याला पंचकोनच विणायला सांगितले आहे, बारा नग.